एका नावाची यादी

बॅकअपच्या नव्या सॉफ्टवेअरला एक खातं हवं होतं आणि त्या खात्याला ‘लॉग ऑन अ‍ॅज अ सर्व्हिस’ हा अधिकार. सर्व्हरवर जाऊन सेकपॉल उघडायचं, नाव घालायचं आणि चहाला जायचं, इतकंच काम. पण साहेबांसमोर मी ‘सेंट्रल मॅनेजमेंट’चं कीर्तन इतकं केलं होतं की हाताने नाव घालणं आता माझ्या अब्रूला परवडणारं नव्हतं.

तेव्हा ग्रुप पॉलिसी. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनपासून युजर राइट्स असाइनमेंटपर्यंत एकेक फांदी उघडत गेलो, चौकोनात टिक केली, बॅकअपचं खातं घातलं आणि पॉलिसी झाडून सगळ्या सर्व्हरांना जोडली. शुक्रवार होता. (जाणकार वाचकांनी इथेच कपाळावर हात मारून घ्यावा.)

पॉलिसी सर्व्हरवर पोहोचायला साधारण ९० मिनिटं लागतात, वर ३० मिनिटांपर्यंत इकडेतिकडे. पोहोचल्यावरही चालत्या सर्व्हिसला ती धक्का लावत नाही, कारण हा अधिकार तपासला जातो तो सर्व्हिस सुरू होताना. त्यामुळे संध्याकाळी सगळं सुरळीत होतं, बॅकअपही झाला आणि मी स्वतःवर खूश होऊन घरी गेलो. शनिवारी रात्री पॅच लागले, सर्व्हर रीस्टार्ट झाले.

सोमवारी एसक्यूएल सर्व्हर उठेना. एरर १०६९, लॉगऑन फेल्युअर. डेटाबेसवाल्या मॅडम म्हणाल्या, “तुम्ही काही बदललंय का?” मी छातीठोकपणे “छे!” म्हणालो. १०६९ म्हणजे पासवर्ड चुकला, हे आम्हाला पाठ. म्हणून पासवर्ड बदलायला गेलो. एसक्यूएलचं खातं होतं ‘एनटी सर्व्हिस’ घराण्यातलं, सर्व्हर २००८ आर२ पासूनचं व्हर्च्युअल अकाउंट. त्याला माणसाने सांभाळायचा पासवर्डच नसतो. नसलेला पासवर्ड मी बराच वेळ शोधला.

घोटाळा असा, की ग्रुप पॉलिसीतली यादी सर्व्हरवरच्या यादीत मिसळत नाही, तिच्या जागी बसते. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायला जावं आणि नव्या कार्डावर फक्त सूनच निघावी, तसं. मूळ यादीत ‘ऑल सर्व्हिसेस’ हा अख्खा गोतावळा होता, तो बाहेर गेला. लोकल सिस्टिम, लोकल सर्व्हिस आणि नेटवर्क सर्व्हिस या तिघांना हा अधिकार जन्मजात, म्हणून विंडोज ठणठणीत दिसत होतं. अर्धा सर्व्हर चालतो आणि अर्धा नाही, यावर मी व्हायरसचा सिद्धांतही मांडला. मॅडमनी तो ऐकून घेतला.

मग सर्व्हिसच्या लॉग ऑन टॅबमध्ये नाव पुन्हा टाकलं, पासवर्ड कोरा ठेवला. विंडोज म्हणालं, अधिकार दिला. एसक्यूएल उठलं, मी कॉलर ताठ केली. पण सुरक्षेच्या सेटिंग्ज, काही बदललेलं नसलं तरी, दर १६ तासांनी नव्याने लागू होतात, हे मी विसरलो होतो. पुढच्या रीस्टार्टला पुन्हा १०६९.

आता नाव पॉलिसीतच घालायचं ठरलं. डोमेन कंट्रोलरवर ते सापडेना. कसं सापडेल? तिथे एसक्यूएल नाही, तर त्याचं खातं कुठून असणार! मी कॅपिटलमध्ये लिहून पाहिलं, स्मॉलमध्ये लिहून पाहिलं, दात-ओठ खाऊनही. शेवटी मॅडमच म्हणाल्या, “अहो, कन्सोल माझ्या सर्व्हरवरून उघडा ना.” उघडला, नाव लगेच सापडलं. सोबत ‘ऑल सर्व्हिसेस’लाही सन्मानाने परत आत घेतलं.

हायपर-व्हीच्या व्हर्च्युअल मशीन्सचाही त्याच यादीत एक वेगळा गट असतो, हे मला होस्ट रीस्टार्ट झाल्यावर कळलं. एकही मशीन उठेना. त्यातल्याच एकावर आमची तक्रार नोंदवायची यंत्रणा चालते, त्यामुळे दिवसभरात एकही तक्रार नोंदली गेली नाही. महिन्याच्या अहवालात तो दिवस साहेबांनी हिरव्या रंगात दाखवलाय.