तुला एवढंच फोल्डर पुरे

हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं आहे, पण मागून सगळे त्यांना रूटराव म्हणतात. पुण्यातल्या कुठल्याही छोट्या वेब कंपनीत शिरा, एक रूटराव हमखास सापडतात. साड्यांची दुकानं, क्लासेस, पतसंस्था, मंगल कार्यालयं अशा कितीतरी वेबसाइट एकाच सर्व्हरवर नांदत असतात आणि त्या सर्व्हरचा रूट पासवर्ड फक्त यांच्या डोक्यात असतो. मालकालाही तो ठाऊक नसतो. त्याने एकदा मागून पाहिला होता. उत्तर आलं, "कशाला?"

नवीन डिझायनर मुलगी येते. साडीच्या दुकानाचे दिवाळीचे फोटो चढवायचे असतात.

"दादा, मला एफटीपी देता?"

"एफटीपी नाही. एसएफटीपी."

"काय फरक पडतो?"

हा प्रश्न विचारायचा नसतो, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. रूटराव खुर्ची वळवतात आणि थेट १९७१ सालात जातात. त्या एप्रिलमध्ये एफटीपीचा, म्हणजे संगणकांमध्ये फाइलींची ने-आण करायच्या नियमांचा, पहिला मसुदा एमआयटीत लिहिला तो अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला माणूस! इथे रूटराव अभिमानाने क्षणभर थांबतात. मग सूर उतरतो. तेव्हा नेटवर्कवर मोजकेच संगणक, तेही विद्यापीठांचे नि प्रयोगशाळांचे, म्हणून पासवर्ड उघड्या अक्षरांत गेला तरी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पुढे १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी टपून बसून पासवर्ड टिपले, तेव्हा तिथल्या टाटू इलोनेन यांनी पासवर्डसकट सगळं कुलूपबंद करून पाठवणारं एसएसएच लिहिलं. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ मोकळा होता. तो त्यांनी रीतसर मागून घेतला. एसएफटीपी त्याच वाटेने जातं. "क्रोम आणि फायरफॉक्स, दोघांनीही २०२१ मध्ये एफटीपी काढून टाकलं," रूटराव समारोप करतात, "आणि तू माझ्याकडे मागतेस?"

मुलगी तोवर फोटो पेनड्राइव्हवर देऊन घरी जायच्या विचारात असते.

अखेर अकाउंट मिळतं. पण कसं? पेठेतल्या घरमालकाने खोली द्यावी तसं: खोली तुमची, जिना वापरायचा, गच्चीवर जायचं नाही. शेल बंद, म्हणजे लॉगिन करून कमांड चालवता येणार नाही. वर सीएचरूट, म्हणजे तिला दाखवलेलं फोल्डर हेच तिचं अख्खं जग. त्याच्या वर काही आहे याचा पत्ताच लागत नाही. पाच मिनिटांत तिचा घाबरा फोन येतो. "दादा, साइट उडाली! एकच फोल्डर दिसतंय, तेही रिकामं!" रूटरावांच्या चेहऱ्यावर वर्षातून दोनदाच येणारं समाधान पसरतं. "बरोबर. तुला एवढंच फोल्डर पुरे."

या सीएचरूटची एक गंमत आहे आणि ती रूटरावांच्या स्वभावाला फारच मानवते. सर्व्हरवरच्या ओपनएसएसएच या सॉफ्टवेअरचा नियम असा की कोंडायच्या फोल्डरची मालकी रूटकडेच हवी आणि तिथे दुसऱ्या कुणालाही लिहिता येता कामा नये. लिहायचं असेल तर आत वेगळं फोल्डर. हा नियम चुकला तर पासवर्ड बरोबर असूनही कनेक्शन फटकन तुटतं, आणि का तुटलं ते फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिलेलं असतं. म्हणजे पुन्हा रूटरावांकडेच यायचं. "लॉग बघतो," ते म्हणतात. हे दोन शब्द ते कुलगुरूंच्या थाटात उच्चारतात.

अशा अडचणीवर डिझायनर जमातीकडे एकच रामबाण असतो: ७७७. फाइल कुणीही वाचा, कुणीही बदला, कुणीही चालवा. हा आकडा कानावर पडला की रूटरावांचा चहा निवतो. आणि खरं सांगायचं तर इथे त्यांचा आकांत नुसता नखरा नसतो. युजरला फोल्डरात कोंडलं म्हणजे काम झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण त्याच फोल्डरात त्याने पीएचपीची एखादी फाइल चढवली तर ती चालवतो वेबसर्व्हर, आणि वेबसर्व्हर त्या कोंडीत नसतो. सगळ्या साइट एकाच युजरखाली चालत असतील किंवा शेजाऱ्याच्या फाइली ७७७ असतील, तर ती फाइल साडीच्या दुकानातून थेट शेजारच्या पतसंस्थेच्या फाइलींत डोकावते. म्हणून रूटराव प्रत्येक साइटला वेगळा युजर देतात आणि फोटोंच्या फोल्डरात पीएचपी चालूच देत नाहीत. एका ग्राहकाच्या भाच्याने हौसेने 'फाइल मॅनेजर' चढवला होता. तो भाचा अजून विचारतो, बटण का दाबलं जात नाही म्हणून.

जुन्या दुखण्यांच्या आठवणी ते जपून ठेवतात. २००९ साली गंबलार नावाच्या मालवेअरने लोकांच्या विंडोज संगणकांतून एफटीपीचे पासवर्ड उचलून त्यांच्याच साइटवर घाण टाकली होती. जुलै २०११ मध्ये तर 'व्हीएसएफटीपीडी' या एफटीपी सर्व्हरच्या मूळ डाउनलोडमध्येच कुणीतरी चोरदरवाजा बसवला. युजरच्या नावात हसरा चेहरा, म्हणजे अपूर्णविराम आणि कंस, टाइप केला की ६२०० क्रमांकाच्या पोर्टवर सर्व्हर सताड उघडा! नावात 'व्हेरी सिक्युअर' मिरवणाऱ्या सॉफ्टवेअरची ही तऱ्हा. तेव्हापासून रूटराव चॅटवर स्मायलीला उत्तर देत नाहीत.

घरीही फार वेगळं नाही. मुलाच्या लॅपटॉपला ॲडमिन हक्क नाहीत. सोसायटीची वेबसाइट यांनी केली, तेव्हा चेअरमनसाहेबांनी 'फुल ॲक्सेस' मागितला. त्यांना 'नोटिसा' नावाचं फोल्डर आणि ५० एमबीचा क्वोटा मिळाला. साहेब अजून सगळ्यांना सांगतात की साइट आपणच चालवतो.

माणूस वैताग आणतो, यात वाद नाही. पण फुल ॲक्सेस हसतमुखाने वाटणारा भेटला, तर त्याच्या सर्व्हरवर आपली साइट ठेवू नये.

तुमच्या ऑफिसात असे कुणी असतील तर मेलमध्ये साइटचं नाव, नेमकं फोल्डर आणि ॲक्सेस कोणत्या तारखेपर्यंत हवा ते लिहा. सोबत स्वतःची पब्लिक की जोडलीत तर चहाही मिळेल. 'अर्जंट' मात्र लिहू नका. तसल्या मेलला रूटराव सोमवारी उत्तर देतात.