आधी माळ्यावर, मग कौलांवर

"किती गेली गो तुझी?"

वादळाच्या दुसऱ्या सकाळी दिवेआगरात असं कुणी विचारलं, तर काय गेलं ते सांगावं लागत नाही. कौलं. गडग्यापलीकडे काकू खराटा घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या अंगणात झावळ्यांचा खच, आणि आमच्याच पडवीची लाल खापरं त्यांच्या तुळशीपाशी येऊन पडलेली.

"पडवीची खालची ओळ सगळी गेली, काकू. वरचं अजून बघितलं नाही. हे म्हणतायत शिडी लावतो..."

"शिडी कसली लावतो! त्याला चहा दे नि ओटीवर बसव. ऊन पडून कौलं सुकल्याशिवाय वर पाय ठेवायचा नाही. खालची रीप धड आहे की कुजली, हे वर चढणाऱ्याला कळतं कधी, तर ती मोडल्यावर. मागच्या आळीतले भाऊजी आठवतायत ना? निसर्ग वादळात त्यांना साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर चढले नि खुबा मोडून खाली आले. त्यात लॉकडाऊन. माणगावपर्यंत न्यायचं तर रस्ताभर झाडं आडवी."

काकूंच्या बोलण्यात निसर्ग येणारच. ३ जून २०२० ला दुपारी ते वादळ इथेच, श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यात जमिनीवर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभराच्या वर. सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या आणि कित्येक आठवडे वीज नव्हती. तेव्हापासून इथे प्रत्येक वाऱ्याचं माप त्याच्याशी लावतात. कालचं त्या मानाने काहीच नव्हतं, हे काकूंनी दोनदा सांगितलं. जरा निराशेनेच, असं मला वाटलं.

"मग बघायचं कसं?" मी विचारलं.

"माळ्यावर जा. छप्पर आधी आतून बघायचं असतं. दिवसाढवळ्या जा आणि बॅटरी लावू नको. काळोखात जिथून उजेडाची चीर दिसेल, तिथलं कौल एक तर फुटलंय नाहीतर सरकलंय. जवळच्या वाशावर खडूने खूण कर. मग बॅटरी लाव नि ओल बघ. पाणी शिरतं एकीकडून, वाशावरून घरंगळतं नि टपकतं भलतीकडे. माजघरात घंगाळ ठेवतेस ना, त्याच्या बरोबर वरचं कौल बदललंस तर गळती तशीच राहील. ओलीच्या मागे मागे वर चढत जायचं."

"आणि आढं?"

"ते तर मुख्य. आढं वाकलंय का, वासा भिंतीवरून सुटलाय का, हे लांबून, वाडीत उभं राहून बघायचं. कौलांची रेघ सरळ दिसली तर ठीक. मध्ये पोक आलं असेल तर त्याखाली निजायचं नाही, आणि कौलं चाळणारा नव्हे, सुतार बोलवायचा. पण ह्या सगळ्याच्या आधी मेन बंद केलास ना?"

"वीजच नाही काकू, काल संध्याकाळपासून."

"म्हणून तर! वीज नाही म्हणून लोक बिनघोर असतात. ती काय सांगून येते? तार पत्र्याला टेकलेली असते, ओला माणूस पन्हळीला हात घालतो, नि नेमकी तेव्हाच येते. शिवाय हल्ली शेजारच्या घरगुती निवासवाल्यांचे जनरेटर. कुठली तार कुठून जिवंत होईल काही नेम नाही. तार पडलेली दिसली तर जवळ जायचं नाही, वायरमनला फोन करायचा. आधीच केला असशील तरी परत कर. त्याला दहा जणांनी फोन केल्याशिवाय आपली आळी आठवत नाही."

एवढ्यात काकूंचा नातू दात घासत पडवीत आला. तो लोणेऱ्याला इंजिनिअरिंग शिकतो, त्यामुळे वाऱ्यावर बोलायचा अधिकार घरात त्याचा.

"आजी, मावशीला सांग की वारा छप्पर ढकलत नाही, उचलतो. छपरावरून जोरात जातो तेव्हा वर दाब कमी होतो नि छप्पर वर ओढलं जातं. सगळ्यात जास्त ओढ वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी. म्हणून तुमची खालची ओळ आधी गेली. त्यात वाऱ्याकडचं दार उघडं राहिलं की आत शिरलेला वारा खालून रेटतो. वरून ओढ, खालून रेटा. मग काय!"

"दार उघडं नव्हतं रे, खिट्टी निघाली," मी म्हटलं.

"तेच ते. कौलं बसवताना ती खिट्टीही बदला. आणि मंगलोरी कौल उलटं करून बघा, मागच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तार ओवून कौल रिपेला बांधायची ती सोय आहे."

काकू म्हणाल्या, "बांधतंय कोण! दरवर्षी मे महिन्यात शाकारणी करायची तर बांधलेलं सोडा, परत बांधा, दुप्पट मजुरी. सगळं छप्पर बांधूच नये. वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही कडा नि आढ्यालगतची, एवढी बांधली की पुरे. आमची बांधलेलीच आहेत. बघ, एक तरी हललंय का?"

मी बघितलं. हललं नव्हतं. काकूंच्या बाबतीत हा एक त्रास आहे, त्या बरोबर असतात.

खरी चर्चा पुढे होती, कारण निसर्गनंतर अर्ध्या गावाने कौलं काढून पत्रे घातले. कौलं मिळेनात, चाळणारी माणसं मिळेनात आणि डोक्यावर जून महिना उभा. लोकांनी दुसरं करायचं तरी काय? पण २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते नुसतं समुद्रातून पुढे सरकलं, तेवढ्याने घाईघाईत ठोकलेले बरेच पत्रे वाजायला लागले. माझं मत विचाराल तर कौलारू घराला कौलच बरं. वाऱ्याने दहा कौलं जातात, बाकीची जागेवर राहतात. पत्रा गेला की अख्खा जातो, आणि कुणाच्या तरी भिंतीवर जाऊन आदळतो. अर्थात वरून नारळ पडला तर उलट. पत्र्याला पोचा येतो, कौलाचा चुरा होतो.

"पत्र्याचा दोष नाही गो," काकू म्हणाल्या, "ठोकणाऱ्याचा आहे. भोक उंचवट्यावर पाडायचं असतं, ह्यांनी पाडलं खोलगटात, जिथून पाणी वाहतं तिथेच! वायसर नाही, असला तर उन्हाने तडकलेला. कडेच्या ओळीला हुक जवळजवळ हवेत, तर तिथेच हात आखडता. आणि जोड कुठल्या तोंडाला? पावसाळी वारा येतो समुद्राकडून, नैर्ऋत्येकडून. वरच्या पत्र्याची कड तिकडे उघडी राहिली की वारा बोट घालून उचलतो. तुझ्या मागच्या शेडचे हुक एकेक हलवून बघायला सांग. हलला की बदल. भोक मोठं झालं असेल तर नुसता आवळून उपयोग नाही."

"आणि गोठ्यावरचा सिमेंटचा पत्रा? त्याला चीर गेलीय."

"त्याच्यावर कुणाला उभं राहू देऊ नको बाई. जुना झाला की बिस्किटासारखा तुटतो, माणूस थेट गाईच्या पुढ्यात. चढायचंच झालं तर खालच्या दोन वाशांवर भार येईल अशी फळी आडवी टाकून."

नातू आतून ओरडला, "आणि फोडू नका! जुन्यात ॲस्बेस्टॉस असतं, धूळ छातीत जाते. पाणी मारून ओला करा, अख्खा उतरवा, तोंडाला फडकं नको, चांगला मास्क लावा. तुकडे वाटेवर भर म्हणून टाकू नका."

हे शेवटचं कुणासाठी होतं ते सगळ्यांना कळलं. काकांनी मागच्या वर्षी परसवात जाणारी वाट त्याच तुकड्यांनी भरली होती. काका पडवीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

मग काकू गडग्याला टेकून आवाज उतरवून म्हणाल्या, "फोटो काढलेस का?"

"कशाचे?"

"सगळ्याचे! झाडायच्या आधी. मी हा खराटा उगीच घेऊन उभी नाहीये, फोटो होईपर्यंत थांबलेय. लांबून अख्खं घर, जवळून मोडलेला भाग, आतून गळकी भिंत, भिजलेलं सामान. पंचनाम्याला तलाठी येईल तेव्हा येईल. तोवर घर उघडं ठेवा असं कुणी म्हणत नाही, झाकायचं. पण झाकायच्या आधी फोटो. फुटकी कौलंही फेकू नको, बाजूला रचून ठेव. मोजायला दाखवता येतात."

"एवढ्याशाला मिळतं का काही?"

"निदान १५ टक्के पडझड असावी लागते. २०२२ मध्ये केंद्राने ठरवलेल्या दराने अंशतः पडझडीला पक्क्या घराला साडेसहा हजार, कच्च्याला चार, घराला लागून असलेल्या गोठ्याला तीन. निसर्गात सरकारने नेहमीच्यापेक्षा वाढवून दिलं होतं, तसं दर वेळी नसतं. पण १५ आहेत की १४, हे घरी बसून आपणच ठरवू नये. अर्ज करावा. पंचनाम्यावर सही करायच्या आधी वाचावा. घर लिहिलंय नि गोठा राहिलाय, असं फार होतं."

माझ्या पुण्याच्या दिरांनी घराचा विमा उतरवलाय, 'भारत गृह रक्षा' नावाचा. एप्रिल २०२१ पासून घराच्या विम्याचा हा एक ठरावीक नमुना सगळीकडे मिळतो आणि त्यात वादळ येतं. हे काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग कंपनीला आजच कळव. त्यांचा माणूस बघून जायच्या आत सगळं नवंकोरं केलंस तर तो काय बघणार?" विमा म्हटला की नाक मुरडणाऱ्या काकूंना नियम मात्र पाठ.

कौलांचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न. आमच्या माळ्यावर जादा कौलांची चळत आहे, पण ती सासऱ्यांच्या वेळची.

"शिक्का बघ," काकू म्हणाल्या. "कौलाला कौल अडकतं ते त्याच्या खाचेत. ह्या कारखान्याचं त्याच्या खाचेत बसत नाही. बसल्यासारखं दिसतं, नि पहिल्या झडीला पाणी आत. आमच्यावर अजून थोडी बासेल मिशनची आहेत, ती मी कुणाला देत नाही." मंगलोरला जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. तिथला माल गलबतांतून ह्या किनाऱ्यावर उतरायचा. काकूंच्या छपराचा एक कोपरा त्यामुळे संग्रहालयात शोभेल असा आहे, आणि तो गळत नाही. "वेगळ्या शिक्क्याची असतील तर मिसळू नको. एका पाख्यावरची धड कौलं उतरवून दुसऱ्या पाख्याला पुरव, नि मोकळ्या झालेल्या पाख्याला सगळी नवी घाल. काम वाढतं, पण छप्पर जुळतं. जुनी हवी असतील तर देवळामागचं घर पाडतायत ना, तिथे विचार. प्रत्येक कौल बोटाने वाजवून घे. ठण्ण वाजलं तर घे, बद्द वाजलं तर ठेव."

"तोपर्यंत ताडपत्री घालू ना?"

"घाल, पण गावातल्यासारखी नको. सगळे वर टाकतात नि दगड ठेवतात. दगड घरंगळतो, चार कौलं फोडतो नि खालच्या माणसाच्या डोक्यात बसतो. ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर हातभर तरी उतरली पाहिजे, नाहीतर वरच्या कडेतून पाणी आतच येणार. खालची कड रिपेला गुंडाळायची नि ती रीप वाशाला बांधायची. चढणाऱ्याच्या कमरेला दोर, तो आढ्यावरून पलीकडे नेऊन जिवंत, धड झाडाला बांधलेला. माडाचं खोड आडवं पडलं असेल तर ओढायचं नाही, ओढलं की वासेही बरोबर येतात. तुकडे करून उतरवायचं."

हे सगळं ऐकेपर्यंत आमचा चहा निवला होता. पण काकूंची नजर आता माझ्या मागे, वरच्या बाजूच्या बंद घरावर गेली. त्याच्या मधल्या पाख्याला टोपलीएवढं भोक दिसत होतं.

"डोंबिवलीकरांना कळवलं का कुणी?"

"ह्यांनी रात्रीच फोन केला. म्हणाले, गणपतीत येऊ तेव्हा बघू."

"गणपतीत! तोवर चार महिने पाऊस त्या भोकातून भिंतीच्या माथ्यावर. वरची माती धुऊन जाईल, वाळवी लागेल, आणि गणपतीत येऊन म्हणतील, गावात कुणी बघत नाही! घर अजून आजोबांच्या नावावर. चार भाऊ नि दोन बहिणी, सगळ्यांचं संमतिपत्र झाल्याशिवाय नुकसानभरपाई कुणाच्या खात्यात जाणार? निसर्गातही ह्यापायीच राहिली. कौलं चाळायला हजार रुपये काढायचे म्हटले की सहाही जण म्हणतात, माझा हिस्सा तो केवढा."

"मग आपणच झाकून घ्यायचं का? आपल्या ताडपत्रीतला तुकडा उरेल."

"झाकून घे. पाणी तुझ्याच वाडीत उतरणार आहे. पण आधी त्यांच्या ग्रुपवर फोटो टाक, भोकाचा. आणि खाली लिही, पैसे आजच पाठवा. गेल्या वेळच्या ताडपत्रीचे काकांना अजून यायचेत."

काकांनी पेपर खाली घेतला. "सातशे," ते म्हणाले.