एक स्टॉप आधी

बापूकाकांनी आजवर एकही नाटक शेवटपर्यंत पाहिलेलं नाही. तिसरा अंक रंगात आला की त्यांना पार्किंगमधली स्कूटर दिसायला लागते. त्यामुळे रहस्यनाटकांतला एकही खुनी त्यांना ठाऊक नाही, आणि त्याची खंतही नाही. लग्नात पहिल्याच मंगलाष्टकाला मूठभर अक्षता एकदम उधळून ते पंगतीत पाट धरतात. घर पुणे स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, पण डेक्कन क्वीनने मुंबईहून येताना खडकी गेली की बॅग खांद्यावर घेतात आणि शिवाजीनगरला उतरतात. का, तर "शेवटच्या स्टेशनावर सगळं गाव उतरतं." काकू गाडीतून हलत नाहीत. काका रिक्षावाल्याशी वाद घालून घरी पोचतात तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी झालेली असते.

अशा माणसाला त्यांच्या मुलाने सिॲटलहून अलास्काच्या क्रूझवर नेलं. सोबतीला काकू आणि मी, म्हणजे पुतण्या. बाकीचे प्रवासी कठड्याला टेकून हिमनद्या बघत होते. काका नकाशा उघडून मधल्यामधे कुठे उतरता येईल ते बघत होते. सात दिवसांच्या सहलीत शेवटची रात्र म्हणजे नुसत्या बॅगा भरणं, आणि सकाळी सिॲटलला तीन-चार हजार माणसं एका दारातून बाहेर पडणार, हे त्यांना सहन होईना.

जुनो त्यांनी लगेच बाद केलं. अलास्काची राजधानी, पण तिथे बाहेरून रस्ताच येत नाही. विमान नाहीतर बोट. "जिथून गाडीने निघता येत नाही ते कसलं गाव?" केचिकन मात्र पसंत पडलं. तिथला विमानतळ समोरच्या ग्रॅव्हिना बेटावर आहे. म्हणजे आधी जहाजातून उतरायचं, मग फेरीबोटीत चढून पुन्हा उतरायचं. काकांना आणखी काय हवं?

स्वागतकक्षातल्या फिलिपिनो मुलीने हसतमुखाने मोडता घातला. अमेरिकेत 1886 सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात चढलेला प्रवासी अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात कायमचा उतरवायचा नाही. देशी जहाजांचा धंदा वाचावा म्हणून केलेला कायदा. दंड सुरुवातीला माणशी दोन डॉलर होता, 1898 मध्ये दोनशे झाला, आणि आता नऊशेच्या आसपास आहे. कंपनी तो अर्थातच प्रवाशाकडून वसूल करते.

"दोन डॉलर होते तेव्हाच उतरायला हवं होतं," काका म्हणाले.

पण 'परदेशी झेंडा' त्यांना पटेना. पुढच्या बंदरावर ते धक्क्यावरून चालत थेट जहाजाच्या मागच्या टोकाशी गेले आणि मान वर करून बघितलं. नावाखाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: नासाऊ. "म्हणजे पत्ता बहामाचा, गिऱ्हाईक अमेरिकेचं, आणि दंड सदाशिव पेठेतल्या माणसाला!" (काकांचा जन्म सदाशिव पेठेतला. भांडताना ते अजूनही तिथेच राहतात.)

याच कायद्यापायी सिॲटलहून सुटून सिॲटललाच परतणारी जहाजं वाटेत कॅनडाच्या एखाद्या बंदराला शिवून येतात. आमचं जहाज शेवटच्या संध्याकाळी व्हिक्टोरियाला लागणार होतं, चार तासांसाठी. तो परदेश, त्यामुळे तिथे उतरायला या कायद्याची आडकाठी नाही. कंपनीला आधी सांगून परवानगी घ्यायची, पैसे मात्र परत मिळत नाहीत. काकांना हुरूप आला. "कॅनडाच्या व्हिसाला एवढे पैसे मोजलेत, ते काय चार तासांसाठी?"

अडचण एवढीच होती की जहाज पहाटे सिॲटलला लागणार होतं, आणि व्हिक्टोरियाहून तिकडे जाणारी वेगवान बोट दुसऱ्या दिवशी सुटणार होती, वर पावणेतीन तासांचा प्रवास. काकांनी वेळापत्रक दोनदा वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"तुम्ही उतराच," काकू बिस्किटाचा तुकडा चहात बुडवत म्हणाल्या. "मी सकाळी पोचते आणि दुपारच्या जेवणाला तुमचं पान मांडून ठेवते."

काका उतरले नाहीत. व्हिक्टोरियात ते धक्क्यावर तासभर फिरले, परत जाणाऱ्या प्रवाशांकडे दयेने पाहत राहिले, आणि त्यांच्यातच मुकाट वर आले. पण येता येता पुन्हा स्वागतकक्षात डोकावले. त्या मुलीने, बिचारीने चांगुलपणानेच, सांगितलं की व्हँकुव्हरहून चढलात तर सुरुवात परदेशातून होते, मग केचिकनला उतरलात तरी या कायद्याची हरकत नाही.

काका केबिनमध्ये आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. काकू पलंगावर साड्यांच्या घड्या घालत होत्या.

"पुढच्या वर्षी व्हँकुव्हरहून!" काका म्हणाले. "केचिकनला उतरता येतं!"

"एवढं कशाला?" काकू मान वर न करता म्हणाल्या. "व्हँकुव्हरला चढूच नका."

काका विचारात पडले.