श्रीयुत अंदाजपंचे यांस अनावृत पत्र

मु. वाडी रत्नागिरी ऊर्फ जोतिबाचा डोंगर,
ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर

रा. रा. अंदाजपंचे यांस सा. न. वि. वि.

आपला नक्की पत्ता कुणाकडेच नसल्यामुळे हे पत्र उघड्यावरच लिहितो आहे. तरी पोचेल याची खात्री आहे. कोल्हापुरातून डोंगरापर्यंत जिथं म्हणून कुणी हातात पाना धरून ‘असू दे ओ, बसतंय’ म्हणतं, तिथं आपण हजर असताच.

सर्वप्रथम आपले अभिनंदन. टॉर्क पाना नावाचं महागडं थोतांड आपण या भागातून जवळजवळ हद्दपार केलंत. चौदा मिलिमीटरचा स्पार्क प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरला आवळावा, असं प्लग बनवणारे सांगतात. आपलं म्हणणं, न्यूटन कधी आमच्या गॅरेजात आला होता काय? मनगटाला कळतं. मनगटाला सकाळी चहाच्या आधी वेगळं कळतं आणि संध्याकाळी सहानंतर वेगळं, हा भाग आपण मोठ्या मनानं सोडून देता.

आपली पूर्वी जरा अडचण होती, हे मान्य करायला हवं. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेसाठी सासनकाठ्या आणि माणसं घेऊन येणारे ट्रक बहुतेक डिझेलचे. डिझेल इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. असलाच तर हीटर प्लग, तोही गार इंजिन चालू करण्यापुरता. त्यात जुनी हेडं बिडाची. तिथं आपल्या मनगटानं करून करून काय करावं? पण सीएनजी आली आणि आपले दिवस पालटले. हा गॅस नुसत्या दाबानं पेटत नाही, त्याला ठिणगी लागते, आणि पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची लागते. म्हणून प्लग वेळेवर बदलावे लागतात. छोट्या टेम्पोपासून थोरल्या ट्रकपर्यंत प्रत्येक सीएनजी गाडीच्या डोक्यात प्लग आले, आणि प्रत्येक बदलीला आपल्याला निमंत्रण.

माझा टेम्पो त्यातलाच. नारळ, खोबरं आणि गुलालाची पोती डोंगरावर पोचवतो. इंजिन सीटखाली. आपण प्लग बदलून दिल्यावर काही दिवसांनी सकाळी चालू करताना टिक-टिक यायला लागली. गाडी तापली की बंद. आपल्याला विचारलं. आपण बॉनेटदेखील नसलेल्या गाडीकडे लांबूनच कान दिला आणि म्हणालात, ‘टॅपेट वाजतंय. पळवा.’ पळवली. केर्ली मागं पडली, चढ लागला, दुसरा गिअर, पाय तळाला, आणि सीटखाली असा धडाका झाला की शेजारी बसलेल्या काकांनी ‘चांगभलं’ म्हणायच्या आधी दार उघडलं. प्लग हेड सोडून वर आला होता, कॉइलचा कान तोडून. मोकळ्या भोकातून गॅस आणि हवा फुसफुसत होती. इंजिन बंद केलं, टाकीचा वॉल्व्ह फिरवला, आणि आधी माणसं लांब केली.

रस्त्यावर मग तज्ज्ञ जमले. एकाच्या मते प्लग डुप्लिकेट, दुसऱ्याच्या मते सीएनजीच गरम, तिसऱ्याच्या मते नवस फेडायचा राहिला असणार. आपलं नाव मात्र कुणीही घेतलं नाही. प्रसिद्धीपासून इतकं दूर राहणारा कारागीर मी दुसरा पाहिलेला नाही.

मी तो प्लग जपून ठेवला आहे. खालच्या आट्यांत हेडचं अ‍ॅल्युमिनियम भरून आलंय, चकचकीत. वरचे आटे कोरडे, काळे. म्हणजे प्लग सैल होताच. त्याच्या कडेनं थोडा थोडा वायू सुटत होता, आणि ती टिक-टिक त्याचीच होती. इंजिन तापल्यावर धातू फुगून फट मिटायची, आवाज थांबायचा, आपलं निदान खरं ठरायचं.

हिशेब सांगतो, कंटाळू नका. भरल्या गाडीनं घाट चढताना सिलिंडरमधला दाब क्षणभर ५० बारच्या आसपास जाऊ शकतो. १४ मिलिमीटरच्या भोकावर तो ७५ किलोहून जास्त भरतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असलं, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा. म्हणजे गंगावेस तालमीतला एक चांगला पोसलेला पैलवान खालून सेकंदाला पंचवीस धडका देतोय, आणि त्याला थोपवायला काय, तर आपला ‘बसतंय’. प्लग घट्ट असेल तर आटे हे सहज सोसतात. सैल असेल तर प्रत्येक धडकेला तो किंचित हलतो आणि मऊ अ‍ॅल्युमिनियम कुटून काढतो. जास्त आवळलेला असेल तर आटे आधीच ताणून ठेवलेले. दोन्ही वाटा आपल्याच.

आपली आणखी एक कला सांगितल्याशिवाय राहवत नाही: आखूड प्लग. १९ मिलिमीटर आट्यांच्या जागी साडेबारा-तेराचा. ‘चौदाचाच आहे की, बसला बगा.’ बसला खरा, पण वरच्या दोन तृतीयांश आट्यांवरच लटकलेला. खालच्या मोकळ्या आट्यांवर कार्बन साचतो. पुढं कुणी योग्य लांबीचा प्लग लावायला गेलं की तो तिथं अडतो, आणि आपण पान्याला पाइप घालून तो ‘समजावता’.

असं असलं तरी आपल्याला न्यूनगंड नको. अमेरिकेत मोठमोठ्या इंजिनिअरांनी हे कागदावर आखून केलंय. फोर्डच्या १९९७पासूनच्या पिकअप ट्रकांत ट्रायटन व्ही-८ इंजिनं आली. त्यांच्या दोन-वॉल्व्हच्या बऱ्याच अ‍ॅल्युमिनियम हेडांत प्लगला धरायला जेमतेम चार आटे होते. प्लग कॉइलसकट उडायला लागले. पुढं हेडं सुधारली. मग २००४च्या सुमारास तीन-वॉल्व्हचं नवं इंजिन आलं. त्याचे प्लग इतके धरून बसायचे की काढताना तुटून अर्धे आतच राहायचे. आधीचे थांबेनात, नंतरचे निघेनात. आपण तिकडं गेला नव्हतात ना?

माझं हेड शेवटी कोल्हापूरच्या उद्यमनगरात उघडलं. ओतकाम आणि इंजिनांवर वाढलेली ही वस्ती. तिथं आट्याची किंमत कळते. तिथल्या मिस्त्रींनी आधी गाडीवरच टॅप मारू का म्हणून विचारलं आणि स्वतःच ‘नको’ म्हणाले. कीस सिलिंडरमध्ये पडला तर लायनर ओरबाडेल. हेड टेबलावर घेतलं, टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, कीस पुसून पुन्हा. मग तारेची हेलिकॉइल न घालता आख्खा पोलादी बुश बसवला. आपल्या दोन मिनिटांच्या कामाला त्यांचा दिवस गेला. बिल आपल्या नावे करा म्हणालो, तर पत्ता विचारला.

या मिस्त्रींच्या खोडी सांगतो, म्हणजे आपण सावध राहाल. ते इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय प्लगला हात लावत नाहीत, कारण गरम अ‍ॅल्युमिनियमचे आटे प्लगबरोबर निघून येऊ शकतात. आधी प्लगच्या विहिरीत हवा मारून कचरा उडवतात. नव्या प्लगच्या शेंड्याला रबरी नळीचा तुकडा लावून तो बोटांनी फिरवतात. आटा तिरका लागला तर नळीच घसरते, हेड वाचतं. मुलामा दिलेल्या आट्यांना ग्रीस लावत नाहीत, कारण निसरड्या आट्यावर तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो. शेवटी गाडीच्या पुस्तकात पाहून टॉर्क पाना. आणि पाना नसेलच, तर नवा वॉशर बोटानं टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. जुना, आधीच दबलेला वॉशर असेल तर जेमतेम एक बारांश. निमुळत्या बैठकीचा, बिनवॉशरचा प्लग असेल तर त्याहून कमी. अंदाजालासुद्धा त्यांनी माप लावून ठेवलंय, बोला!

येत्या यात्रेला भेट होईलच. घाटात एखादी गाडी बाजूला घेऊन सीट उचललेली दिसली की मी आपली चौकशी करीन.

आपला,
एक टेम्पोवाला

ता. क. : ‘आटे गेले तर एमसील भरून प्लग चिकटवा’ असं सांगणारे आपले चुलतबंधू त्या दिवशी घाटातच भेटले. त्यांना वेगळं पत्र लिहितो आहे. आपल्या पत्रात ते मावणार नाहीत.