‘कंप्लेंट करणे’ : मुलुंडी प्रयोगविचार

दादोबा पांडुरंगांनी 1836 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ काढून उरलंसुरलं निकालात काढलं. तरी ‘कंप्लेंट करणे’ हे क्रियापद दोघांच्याही नजरेतून सुटलं. दोष त्यांचा नाही. लिफ्ट बंद पडलेल्या मुलुंडच्या सोसायटीत, हातात भाजीची पिशवी घेऊन, तळमजल्यावर उभं राहण्याचा योग त्यांना आला नव्हता.

आधी लिंग. कंप्लेंट स्त्रीलिंगी आहे, कारण तक्रार स्त्रीलिंगी होती. धाकट्या जावेसारखी ती त्याच घरात आली आणि दोघींनी कामं वाटून घेतली. माणसाबद्दल माणसाजवळ होते ती तक्रार. वस्तूबद्दल हापिसात होते ती कंप्लेंट. सासूबाई ‘तशी माझी काही तक्रार नाही’ म्हणाल्या की घरातले सगळे सावध होतात. ‘तशी माझी काही कंप्लेंट नाही’ असं मात्र फक्त गॅसवाल्याला सांगता येतं. मुलुंडात गुजराती, कच्छी, तमिळ, मल्याळी शेजार भरपूर; सोसायटीच्या मीटिंगमध्ये रागावायला सगळ्यांना चालेल असं दुसरं नाम अजून सापडलेलं नाही.

वैद्यकीय शाखा वेगळी. डॉक्टर विचारतात, ‘काय कंप्लेंट?’ इथे ‘करणे’ गळतं आणि ‘असणे’ येतं. काकूंना गुडघ्याची कंप्लेंट आहे, काकांना ॲसिडिटीची. कोणाविरुद्ध, हे विचारायचं नसतं.

आता मुख्य सिद्धान्त. मुलुंडात या क्रियापदाला प्रथमपुरुषी भूतकाळ नाही. ‘करणार आहे’, ‘करायलाच हवी’, ‘करतोच आता’ ही रूपं जिन्याजिन्यात ऐकू येतात. ‘मी केली’ हे रूप दुर्मीळ. आमच्या मते याचं कारण आळस नव्हे, कर्ता आहे. हे क्रियापद ‘कुणीतरी’ या चौथ्या पुरुषाशिवाय चालत नाही. कुणीतरी कंप्लेंट करायला पाहिजे. हा कुणीतरी प्रत्येक विंगमध्ये राहतो, पण मेंटेनन्स कुणाच्या नावावर भरतो, ते सेक्रेटरींनाही माहीत नाही.

भूतकाळ आलाच तर कर्ता गाळून येतो : ‘कंप्लेंट गेलीय.’ स्वतःच्या पायांनी गेल्यासारखी. कुठे गेली, हा स्थानिक भूगोलाचा प्रश्न. घाटकोपरला दिवे गेले तर अदानी किंवा टाटा. मुलुंड-भांडुपला मात्र महावितरण. म्हणून विजेसाठी 1912 आणि महापालिकेसाठी 1916. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही दोन आंदोलनांची वर्षं वाटतील, आणि फोन लागेपर्यंत आपल्यालाही तसंच वाटू लागतं.

विरोधी पुरावा लपवणं शास्त्राला शोभत नाही, म्हणून पूर्वेकडे वळू. तिथल्या डंपिंग ग्राउंडवर 1967 पासून कचरा पडत होता. 2018 मध्ये ते बंद झालं. हरिओम नगर मुलुंडचंच, पण टोलनाक्याच्या पलीकडे. तिथल्या गाडीवाल्यांना मुलुंडात राहून मुलुंडात यायला टोल पडे. ऑक्टोबर 2024 मध्ये हलक्या वाहनांचा टोल गेला. अर्ज, मोर्चे, सह्या हे सगळं लोकांनी खरोखर केलं होतं. पण बारकाईनं ऐका : आजही तिथे कोणी ‘आम्ही कंप्लेंट केली’ म्हणत नाही. ‘आम्ही भांडलो’ म्हणतात. म्हणजे काम करायची वेळ आली की मुलुंडकर इंग्रजी नाम खाली ठेवतो आणि अस्सल मराठी क्रियापद हातात घेतो. आमचा सिद्धान्त यानं ढळत नाही, उलट पक्का होतो, असं आम्ही जाहीर करतो.

एक उपप्रश्न राहतो, तो ‘कंप्लेंट बंद होणे’ या प्रयोगाचा. खड्डा जागेवर असतो, मोबाइलवर मेसेज येतो : आपली कंप्लेंट बंद करण्यात आली आहे. वाक्य कर्मणी, कर्म बंद, कर्ता बेपत्ता. ‘करण्यात आली’ हे रूप दामल्यांच्या कोणत्या कोठ्यात बसवावं, यावर आमच्या बिल्डिंगमधले दोन निवृत्त मराठी शिक्षक गेल्या पावसाळ्यापासून बोलत नाहीत. एकमेकांविरुद्ध कंप्लेंट करणार आहेत, असं वॉचमन सांगत होता.