विमानाचं नाही!

भंगाराच्या प्रत्येक मोठ्या वखारीसमोर स्टूल टाकून बसलेला एक म्हातारा असतो. तो मालक नसतो, हमाल नसतो, गिऱ्हाईक तर नसतोच. तरी जुना पार्ट त्याच्या हातून फिरल्याशिवाय काट्यावर चढत नाही. कल्याण-भिवंडी रस्त्यावर कोनला असे एक तात्या आहेत. वयानं ऐंशी ओलांडलेले. तरुणपणी सांताक्रूझला विमानांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तेव्हापासून जगातल्या सगळ्या धातूचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार: विमानाचं आणि विमानाचं नाही.

पंचाईत अशी, की हा मुलूखच विमानाच्या गोष्टींचा. खाडी ओलांडली की कल्याण आणि कल्याणच्या पलीकडे नेवाळी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन तिथं धावपट्टी केली. त्या जमिनींसाठी २०१७ मध्ये आंदोलन पेटलं, तेव्हा तर शेंबड्या पोरालाही ती धावपट्टी माहीत झाली. त्यामुळे कुणाच्याही माळ्यावरून गंजका तुकडा निघाला की तो ‘नेवाळीला पडलेल्या विमानाचा’. एवढी विमानं खरोखर पडली असती, तर इंग्रज जपान्यांच्या आधी कल्याणलाच हरले असते.

“तात्या, बघा. टॅपेट आहे, टॅपेट!”

“टॅपेटच आहे. लूमचा.”

भिवंडी तालुक्यात राहून यंत्रमागाला विसरणाऱ्याची तात्यांना कीव येते. पण नुसतं ‘नाही’ म्हणून ते सोडत नाहीत, कारणासकट नाही म्हणतात. “बोल्टच्या डोक्याला आरपार भोक आहे का? लॉकिंग वायर कुठून घालशील? रिक्षाचा नट पडला तर रिक्षा कडेला घेता येते. वर ढगात कडेला कुठं घेणार?” मग दुसरा प्रश्न: “सिलिंडरला प्लग किती? एक? मग फटफटीचा. विमानाला दोन लागतात. दोन मॅग्नेटो, एक गेला तर दुसरा.” तिसरी परीक्षा पान्याची. व्हिटवर्थचा पाना चपखल बसला तर माल विलायती, सरळ इंचाचा बसला तर बहुधा अमेरिकन. मिलिमीटरचा बसला तर तात्या पाना पुसून खिशात टाकतात आणि चहा मागवतात.

मर्लिनचं नाव त्यांच्यासमोर काढू नये. स्पिटफायरचं हे बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं इंजिन हल्ली जो तो मोबाइलवर बघून येतो. “मर्लिन पाण्यानं थंड होतं. तुझ्या तुकड्याला बाहेरून फिन आहेत, म्हणजे हा हवेवरचा. लग्न जुळवायच्या आधी गोत्र तरी बघ!”

एकदा वखारीतल्या पोरानं जुन्या व्हॉल्व्हच्या दांडीवर ग्राइंडर लावला, तेव्हा मात्र तात्या तरुणासारखे धावले. विमानाच्या बऱ्याच इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी पोकळ असते आणि आत उष्णता ओढून घ्यायला सोडियम भरलेलं असतं. पाणी लागलं की ते पेटतं. “अरे, पावसाळ्यात कोन पेटवशील!” पोरगं थरथरत होतं. ट्रकचा व्हॉल्व्ह निघाला, पण तात्यांचा दरारा कायमचा बसला.

आणि मग एक दिवस खरा माल आला. फिनवाला सिलिंडर, दोन प्लगची भोकं. तात्यांनी टेप लावली: आतून साडेपाच इंच. स्टूल सरकवून ते चक्क उभे राहिले. “ट्विन वास्प! सातासाताच्या दोन ओळी, चौदा सिलिंडर. डकोटाचं इंजिन! २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला फौज उतरवली ती डकोटांनीच. हे विमानाचं आहे!”

वखारीत शांतता पसरली. सिलिंडर घेऊन आलेला माणूस मनातल्या मनात बंगला बांधू लागला. शेठनं लोहचुंबक घेतला. वरच्या डोक्याला लावला, चिकटला नाही. खालच्या नळीला लावला, टक्कन चिकटला.

“तात्या, हे वेगळं होतं का?”

“छे! ॲल्युमिनियमचं हेड गरम करून पोलादी नळीवर आटे पाडून बसवलेलं. जन्मात सुटायचं नाही. कारागिरी आहे ती!”

“म्हणजे मिक्स,” शेठ म्हणाले. “अख्खा लोखंडाच्या भावानं घेईन. वर तोडायची मजुरी कापणार.”

तो माणूस तात्यांच्या कानाशी लागला.

“तात्या, जरा लूमचं म्हणा ना.”