शेडवाले अण्णा

परसदारी पत्र्याची शेड पुष्कळांकडे असते. तीत फावडं, कुदळ, गळकी झारी, शेणखताचं अर्धं पोतं, गणपतीचं मखर आणि आता अमेरिकेत असलेल्या मुलाची तीनचाकी सायकल असते. वर्षातून दोनदा दार उघडतं, कुणीतरी 'आवरायला पाहिजे एकदा' म्हणतं, आणि दार लागतं. ही झाली साधी माणसं. शेडवाला निराळा. तो साठी ओलांडलेला, कुठल्याशा कारखान्याच्या मेंटेनन्समधून रिटायर झालेला, शर्टाच्या खिशात चष्म्याऐवजी मेजरिंग टेप बाळगणारा असतो. घरात त्याला कशाला हात लावू देत नाहीत, कारण त्याने पूर्वी एकदा मिक्सर उघडलेला असतो. मग उरते शेड.

आमच्या गल्लीतल्या अण्णांची शेड दहा बाय बाराची. पाहुण्याला चहाच्या आधी तीच दाखवतात. पाहुणा अजून चपला काढतोय तोवर अण्णा छताकडे बोट करतात. "स्क्रू कुठे मारलाय बघा. उंचवट्यावर! पाणी वाहतं खोलगटातनं. तिथे भोक पाडलंत की गळती तुम्हीच आमंत्रण देऊन आणलीत." मग रबरी वॉशर किती दाबावा यावर वेगळं प्रकरण. पाहुणा पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटात राहतो. तो मान डोलावतो. काकू आतून "अहो, चहा निवतोय" म्हणतात, तेव्हा कुठे त्याची सुटका होते.

शेडवाल्याचा खरा गुण असा की त्याची प्रत्येक सुधारणा पुढच्या सुधारणेला जन्म देते. पुण्याच्या एप्रिलात पत्रा असा तापायचा की आत उभं राहवत नसे. अण्णांनी चुन्यात फेविकॉल कालवून वरून दोन हात दिले. उपाय चांगला आहे, आतली धग खरंच कमी होते. पण मिश्रणाचं प्रमाण त्यांनी स्वतःचं काढलं होतं. पहिल्या वळवाने निम्मा चुना काकूंच्या अळवावर आणून सोडला. मग आतून थर्माकोल लावला. त्यात उंदरांनी बिऱ्हाड केलं. थर्माकोल काढून छतावर कृष्णकमळाचा वेल चढवला. सावली झकास पडली, फुलंही आली, पण पानं गळून पन्हळ तुंबली. पन्हळीला जाळी बसवायला शिडीवर चढले, तर वरून सबंध छत दिसलं आणि पावसाचं पाणी साठवायची कल्पना सुचली.

इथे मात्र त्यांचा हिशेब चोख. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. छत 11 चौरस मीटर. पावसाळ्यात 700 मिलिमीटर जरी धरला तरी 7,700 लिटर. हे आकडे त्यांनी शेडच्या दारावर आतून ऑइलपेंटने लिहून ठेवलेत. टाकी बसवली 500 लिटरची. ती जुलैत काठोकाठ भरते, तेव्हा बागच पाण्यात उभी असते. मे महिन्यात कढीपत्ता माना टाकतो तेव्हा टाकीत पालीखेरीज काही नसतं.

आत मात्र बघत राहावं असं आहे. जुन्या बाजारातून रविवारी हुडकून आणलेलं सागवानी कपाट, फळीला खालून झाकणं ठोकून लटकवलेल्या हॉर्लिक्सच्या बरण्या, त्यांत मापावारी खिळे, एक टेबलफॅन, विविध भारतीवर स्थिरावलेला रेडिओ. वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून 'तात्पुरती' ओढलेली, म्हणजे कायमची. भिंतीवर प्लायवूड, आणि त्यावर प्रत्येक हत्याराची पांढरी बाह्यरेषा. पक्कड कुठली, पाना कुठला, आंधळ्यालाही कळावं. हातोडीच्या जागी नुसतीच रेघ आहे. ती शेजारच्यांनी दिवाळीत नेली होती. शेजारी शेडमध्ये आले की अण्णा काही बोलत नाहीत, फक्त त्या रेघेकडे बघतात.

मध्यंतरी अण्णा मुलाकडे इंग्लंडला गेले. ज्याच्या 'पिग्मॅलियन'वरून पु. लं.नी 'ती फुलराणी' केलं, त्या बर्नार्ड शॉचं घर बघायला मुलाने नेलं. घर अण्णांनी दहा मिनिटांत उरकलं. बागेच्या टोकाला शॉची लिहायची लाकडी खोली आहे, तिथून मात्र ते हलेनात. ती खोली फिरते! सूर्य सरकेल तशी वळवता यावी म्हणून खाली तशी यंत्रणा बसवलेली. परतल्यावर आठवडाभर ट्रकच्या बेअरिंगसाठी भंगारवाल्यांकडे चकरा झाल्या. शेवटी काकू म्हणाल्या, "अहो, त्याला ऊन हवं होतं. तुम्हाला काय करायचंय?"

"तेच तर! आपली उलटी फिरवायची."

बेअरिंग मिळालं नाही, हे टाकीचं नशीब. पण शॉची दुसरी युक्ती त्यांनी उचलली. शॉने त्या खोलीचं नाव लंडन ठेवलं होतं, म्हणजे नको असलेल्या पाहुण्याला 'साहेब लंडनला गेलेत' असं बिनदिक्कत सांगता येई. अण्णांच्या शेडवर आता निळ्या अक्षरांत पाटी आहे: बँक. सोसायटीचे सेक्रेटरी वर्गणीला आले की काकूंनी म्हणायचं, "ते बँकेत गेलेत." रविवारीसुद्धा.

या सगळ्यात बागकामाच्या सामानाला जागा राहिली नाही. माती लागलेलं फावडं त्या सागवानी कपाटाशेजारी शोभेना. ते, कुदळ, निंबोळी पेंडेचं पोतं आणि पाण्याचा पाइप आता शेडच्या मागे निळ्या प्लास्टिकखाली विटांचं वजन ठेवून पडलेलं असतं. गुरुवारी माळीबुवा आले आणि खुरपं मागितलं. अण्णा आतूनच म्हणाले, "चपला बाहेर काढा. आणि हात धुतलेत ना?"

पुढच्या गुरुवारपासून माळीबुवा खुरपं, विळा, झारी सगळं आपल्या घरून आणतात. त्यांनी महिन्याला शंभर रुपये वाढवून मागितले. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी भांडणाऱ्या काकूंनी ते मुकाट्याने दिले. अण्णांना विचारायचा प्रश्नच नव्हता. ते बँकेत होते.